एप्रन घालून आलेला हृतिक

माझा भाऊ हृतिक मेडिकलला लागून चार-पाच महिने झालेत. हॉस्टेलवरचे मळके कपडे अजून आईच धुते, पण शिमग्याला उमरठला आला तो एसटीतून पांढरा एप्रन घालूनच उतरला. पालखीला खांदा दे म्हटलं, तर म्हणे, “शोल्डर जॉइंटला ते चांगलं नाही.”

याला सांध्यांतलं कळतं म्हटल्यावर शेजारच्या ठकूकाकीनं आपला सुजलेला गुडघा त्याच्यापुढे केला. साहेब दोन पावलं मागे सरले.

“काकी, आम्ही अजून जिवंत माणसं तपासत नाही. सध्या फक्त प्रेतांवर शिकतो.”

काकीनं लुगडं खाली ओढलं.

“बरं हाय रे. मग माझ्या मयताला ये, तेवा बघ गुडघा. खांदा बाकीची पोरं देतील.”