आधी उठून दाखवा

मी खुर्ची बोलतेय. साधी नाही, नमुन्याची. माझ्यासारख्या आणखी खुर्च्या करायच्या की नाही, हे माझ्यावरून ठरायचं होतं. त्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला, त्याला इलाज नाही.

माझी मालकीण फर्निचरच्या कारखान्यात कामाला. तिच्या आईचे गुडघे गेलेले. कुणी हात दिल्याशिवाय उठता येईना. म्हणून तिने मला घरीच घडवलं. नोकरी सोडून अशाच खुर्च्या करायच्या, हे तिच्या मनात पक्कं होतं. "पण आधी महिनाभर वापरून बघू, मग राजीनामा," ती म्हणाली. हे मला पटलं.

पण बसायला आले कोण? सगळे घरचेच. मावशी म्हणाली, "छान." धाकटा भाऊ म्हणाला, "एक नंबर, ताई. आता मागे वळून बघू नकोस." त्याचे गुडघे ठणठणीत, तो पाटावरूनही टुणकन उठला असता. शेजारच्या काकांनी तर बसायच्या आधीच कौतुक केलं. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

आई रोज बसायची, रोज एकटी उठायची. मालकीण खूश. पण उठताना माझ्या हातांवर भारच यायचा नाही. तो जायचा शेजारच्या टेबलावर. ओरडावंसं वाटायचं, पण लाकडाला तोंड कुठलं?

राजीनामा लिहून झाला. त्या सकाळी फरशी पुसताना मालकिणीला टेबलाच्या पायांखाली चरे दिसले. टेबल रोज थोडं ओढलं जात होतं. तिने ते उचलून आतल्या खोलीत नेलं.

"आई, आता उठ."

आईने दोनदा जोर केला. मग हळूच म्हणाली, "नाही जमत गं."

"इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"माझ्यासाठी एवढं केलंस. नाही कसं म्हणू?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. मायेपोटी लेकीची नोकरी जाणार होती.

राजीनामा फाटला. माझे पाय वाढवले, हात कापून पुन्हा बसवले. आता मालकीण अनोळखी म्हाताऱ्यांना बोलावते. "कशी वाटली?" असं विचारत नाही. "उठा बघू," एवढंच म्हणते.

परवा आई उठली. मालकिणीने आधी खोलीभर नजर फिरवली, मग म्हणाली, "पुन्हा बस, पुन्हा उठ." आई पुन्हा उठली. या वेळी सगळा भार माझ्याच हातांवर होता, शपथ घेऊन सांगते.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. मी घरचीच आहे. तुम्ही या, बसा आणि उठून दाखवा.