एंगेलसनांच्या घरातला रहिवासी

घर रिकामे आहे की त्यात कोणी राहते, हे मला रस्त्यावरूनच कळते. एकतीस वर्षे मी हेच काम केले. आमच्या राज्यात हरणाच्या शिकारीचा परवाना रहिवाशाला दरवर्षी मिळतो, आणि बाहेरच्याला सोडतीत नंबर लागेपर्यंत चार-पाच वर्षे थांबावे लागते. त्यामुळे थंडी जवळ आली की कुठकुठले दंतवैद्य आणि वकील अचानक आमचे शेजारी होतात. मावशीच्या पत्त्यावर वीजबिल घेतात, पत्रपेटीवर नाव रंगवतात. मी शिकार-निरीक्षक. मी कागद वाचत नाही, घर वाचतो. शेगडी गरम आहे का, भांडी ओली आहेत का, दारापासून पत्रपेटीपर्यंत पावले उमटली आहेत का, अंगणातली हरणे माणसाला सरावली आहेत का. एका दंतवैद्याला तर मी त्याच्या दात घासायच्या ब्रशवरून पकडले होते. सहा महिने राहतोय म्हणे, आणि ब्रश अजून पाकिटात. ब्रश हिरवा होता, एकोणीस वर्षे झाली तरी मला आठवतो. गर्वाचे घर खाली म्हणतात, ते काही उगीच नाही.

त्या वर्षी विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पुलांच्या दुरुस्तीच्या विधेयकात चार ओळी घुसल्या. ज्याची चारशे एकरांवर जमीन आहे, तो मालक दुसऱ्या राज्यात राहत असला तरी चालेल. इथल्या त्याच्या घरात नियमित वस्ती असल्याचा दाखला स्थानिक निरीक्षकाने दिला की तो रहिवासी. पुलांचा आणि हरणांचा काय संबंध, हे कोणी विचारले नाही. गावात अळीमिळी गुपचिळी. सगळ्यांना ठाऊक होते की या ओळी प्रेस्कॉट हॅलिडेसाठी आहेत. तो फ्लोरिडात राहायचा, टर्टल नदीकाठची सात शेते त्याने विकत घेतली होती, आणि त्याला बिशप हवा होता.

बिशप म्हणजे नदीकाठचा मोठा नर. झाडांना लावलेल्या कॅमेऱ्यांमध्ये गावाने त्याला चार वर्षे वाढताना पाहिले होते. शिंगांना सोळा टोके, चाल चर्चच्या बड्या धर्मगुरूसारखी, नाव दुसरे ठेवताच आले नसते. हॅलिडेचे गडी त्याच्यासाठी मक्याचे ढीग टाकत. एका ढिगावर पन्नास तोंडे आली की हरणांमध्ये मेंदूचा रोग पसरतो. हरीण वाळते, लाळ गाळते आणि माणसाला भ्यायचे विसरते. खात्यातल्या एका अभ्यासू बाईने हे विधिमंडळाच्या समितीपुढे सांगितले, तर महिन्याभरात तिची बदली मत्स्यबीज केंद्रात झाली. मक्याचे ढीग राहिले. ज्याच्या हाती ससा तो पारधी. आमच्याकडचा ससा समितीच्या अध्यक्षाच्या हाती होता, आणि अध्यक्ष होता सिनेटर ग्रोव्हर स्टॅड, शाळेत माझ्याच फुटबॉल संघात खेळलेला.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात लुटफिस्कचे जेवण असते. मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून इतका लिबलिबीत करतात की तो चावावा लागत नाही, आणि त्याचा वास कोटातून आठवडाभर जात नाही. ग्रोव्हर ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

"ऑरिन, लेका, उत्तरेच्या सरहद्दीवर बदली चाललीय म्हणे तुझी. सहा तासांचा रस्ता."

मला काही कळवलेले नाही, मी म्हणालो.

"नाही ना? मग थांबवता येईल. मार्लिसचं कसं चाललंय?"

मार्लिस माझी बायको. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला शहरात न्यावे लागते, आणि नेणारा मी एकटा. आमचे घर मी लग्नाच्या वर्षी स्वतः बांधले. ते सोडून ती कुठे जाणार नव्हती आणि तिला सोडून मी जाणार नव्हतो. हे ग्रोव्हरला माहीत होते, म्हणून तर त्याने विचारले.

"एका कागदावर सही करायचीय," तो म्हणाला. "इतकी घरं बघतोस, त्यात एक जास्त."

मला त्याचा इतका राग आला की ताट त्याच्या तोंडावर मारावेसे वाटले. मी वितळलेल्या लोण्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. खरे सांगायचे तर मी घाबरलो होतो.

हॅलिडेच्या सगळ्या जमिनीत उभे असे एकच घर होते, एंगेलसन भावंडांचे. दोघेही अकरा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ते बंद. ते बघायला मी गेलोच नाही. गावातल्या धान्याच्या कोठाराशेजारी गाडी लावली आणि गाडीतच दाखला लिहिला. लिहायचेच तर नीट लिहू, या जुन्या खोडीने मला तिथे गाठले. घरात माणूस राहतो, एवढे लिहूनही भागले असते. पण मी लिहिले की शेगडी गरम होती, मोरीजवळ निळा पत्र्याचा कप पालथा होता आणि ओला होता. दुपारी साडेचारला वरच्या पश्चिमेच्या खिडकीत दिवा लागला. दारापासून पत्रपेटीपर्यंत बुटांच्या खुणा, डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. अंगणात तीन हरणे, मी गेलो तरी पळाली नाहीत. सही केली आणि काउंटीच्या कचेरीत डॉर्कसच्या खिडकीवर देऊन आलो. चाळीस वर्षे परवान्यांचे शिक्के मारणारी ही बाई. तिने न वाचताच फाइलला लावला.

बदलीचे पुन्हा कोणी बोलले नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी मी त्या रस्त्याने गेलो आणि गाडी आपोआपच थांबली. एंगेलसनांच्या दारापासून पत्रपेटीपर्यंत पावले होती. जाणारी आणि परतणारी. चिमणीतून धूर निघत होता.

हॅलिडेने गडी ठेवला असेल, असे वाटून मी त्याला फ्लोरिडाला फोन केला. घराची किल्लीसुद्धा कोणाकडे नाही, तो म्हणाला, आणि त्याला हे विचारतोय कशाला म्हणून तो जरा चिडलाही.

मी अंगणात उतरलो. तीन माद्या उभ्या होत्या. एकतीस वर्षांत माझ्या गाडीचे दार वाजल्यावर थांबलेले हरीण मी पाहिले नव्हते. त्या थांबल्या. एक तर पुढे येऊन माझ्या तळव्याला हुंगून गेली, जसे घरातले जनावर हुंगते. तिच्या बरगड्या दिसत होत्या आणि हनुवटीवरून लाळ लोंबत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघितले. मोरीजवळ निळा कप पालथा होता आणि त्याच्याभोवती पाण्याचे कडे होते. मग मी खिशातली पट्टी काढून बर्फातले पाऊल मोजले. बारा इंच. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. मी गाडीला धरून माझा डावा बूट उलटा करून बघितला.

त्या दिवशी मी लिहिताना टाचेची खूण कुठून उचलली होती, ते मला तेव्हा कळले.

घरी आलो तेव्हा मार्लिस खुर्चीत बसून गुडघ्यावर पांघरूण घेत होती. माझा निळा कप कुठे दिसेना, म्हणून मी तिला विचारले.

"तुझं तुला ठाऊक. तू असतोस कुठे घरी?"

काल रात्री मी तुझ्या शेजारीच झोपलो होतो, असे मी म्हणालो.

"ऑरिन, पंधरा दिवस झाले. मला शेजारची नेतेय डायलिसिसला. मला वाटलं चोरट्या शिकाऱ्यांच्या मागावर असशील." मग ती हळू म्हणाली, "दुसरं कोणी असेल तर सांगून टाक. मी रडायची नाही."

मी शपथा घेतल्या. तिला नेल्याचे, आणल्याचे, रस्त्यात थांबून सूप घेतल्याचेसुद्धा मला आठवत होते. पण आमच्या पायऱ्यांवरच्या बर्फात फक्त तिची पावले होती, काठीच्या टोकासकट. आत्ता मी चढून आलो त्याचीही खूण नव्हती.

सकाळी कचेरी उघडली तसा मी डॉर्कसच्या खिडकीवर गेलो. नोकरी गेली तर जाऊ दे, बदली झाली तर होऊ दे, असे ठरवूनच गेलो होतो.

"मी खोटा दाखला दिलाय," मी म्हणालो. "तो रद्द करायचाय."

डॉर्कसने फाइल काढली आणि या वेळी तो वाचला. "खोटं काय आहे यात?"

"त्या घरात कोणी राहत नाही. मी बघायलाही गेलो नव्हतो."

"मी रोज त्याच रस्त्याने घरी जाते, बाबा. साडेचारला वरच्या खिडकीत दिवा असतो. धूर असतो. अंगणात हरणं बसलेली असतात, कुत्र्यांसारखी. यातला एक शब्द खोटा नाही." तिने फाइल मिटली. "खरा दाखला रद्द कसा करू? तसा कागदच नाही माझ्याकडे." मग तिने खिडकीतून पुढे वाकून आवाज खाली आणला. "उलट तुझ्याच घराबद्दल लोक बोलतायत. मार्लिसला एकटीला टाकलंस म्हणतात."

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडला. त्या सकाळी मी एंगेलसनांच्या स्वयंपाकघरात कसा होतो, हे मला सांगता येत नाही. मार्लिससाठी गाडी गरम करायला बाहेर पडलो होतो, एवढे आठवते. शेगडीत लाकूड घालत होतो तेव्हा अंगणात बार झाला. बाहेर बिशप पडला होता. सोळा टोकांची शिंगे, आणि खाली नुसता हाडांचा सापळा. थोड्या वेळाने दार वाजले. भगवे जाकीट घातलेला हॅलिडे, रहिवाशाचा परवाना छातीवर लावलेला.

"अंगणात उभा होता, ऑफिसर. मी दहा पावलांवर गेलो तरी हलला नाही. शिकार म्हणायची का ही?" तो जरा हिरमुसला होता. मग त्याने आत डोकावून शेगडी बघितली, कप बघितला. "तुम्ही राहता इथे?"

नाही म्हणायचे म्हणूनच मी तोंड उघडले होते. "हो," मी म्हणालो.

"बरं झालं," हॅलिडे म्हणाला. "कोणीतरी खरंच राहत असलं, तर पुढच्या वर्षीही अडचण यायची नाही."

तो गेल्यावर मी गाडी काढली आणि सरळ माझ्या घरी आलो. माझ्याच दारावर मी थाप का मारली, मला माहीत नाही. मार्लिसने दार उघडले. तिने केस नीट विंचरले होते, जसे कोणी परके यायचे असले की विंचरते.

"निरीक्षक ना तुम्ही?" ती म्हणाली. "घर बघायला आलात? या, पाय पुसून या."

मी तिचे नाव घेतले. ती हसली, पत्रपेटीवर नाव वाचणाऱ्या माणसाकडे बघून हसतात तशी. मी आत गेलो आणि दुसरे काही सुचेना, म्हणून घर वाचले. मोरीजवळ एक कप. एक ताटली. न्हाणीघरात एक ब्रश. पलंगाच्या एकाच बाजूला खोलगट जागा, दुसरी बाजू सपाट, थंड. तीस वर्षांपूर्वी मी बसवलेल्या खुंटीवर फक्त तिचा कोट. असे घर बघून मी डोळे झाकून लिहिले असते की इथे एक आजारी बाई एकटी राहते.

"मी एकटीच असते," ती म्हणाली. "लिहा तसं."

आता मी एंगेलसनांच्या टेबलाशी बसून दाखला लिहितो. माझ्या घराचा. जे लिहिले ते एकदा खरे झाले आहे, तर पुन्हाही होईल. शेगडी गरम होती, असे लिहिले. पुढे लिहिले की मोरीजवळ दोन कप होते, एक निळा, आणि दुसरा तिचा. तिचा कोणत्या रंगाचा, ते आठवेना. आत्ताच तर बघून आलो होतो. आमच्या दाराला पायऱ्या किती, ती कोणत्या कुशीवर झोपते, सकाळी आधी खिडकी उघडते की रेडिओ लावते, काही आठवेना. जगाच्या घरांच्या खुणा मला तोंडपाठ, आणि माझ्याच घराला मी कधी बघितलेच नव्हते. पाच कागद फाडले.

मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी साडेचारला शेजारणीची गाडी शहरातून परतताना या रस्त्याने जाते. तेव्हा मी वर जाऊन पश्चिमेच्या खिडकीत दिवा लावतो, म्हणजे मार्लिसला दिसेल. काल गाडी हळू झाली. मागच्या काचेतून मार्लिसने दिव्याकडे पाहिले आणि हात हलवला. त्या घरात कोणीतरी राहते, तर आपलाही शेजारधर्म, म्हणून हलवतात तसा. मीही हलवला. खाली अंगणात हरणे बसली होती, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.