छळ थांबल्याची तक्रार

मामाची तक्रार ऐकून घरातल्या सगळ्यांचं हसून झालं. तक्रार अशी होती, की भाची आपल्याला हल्ली छळत नाही.

भाची नऊ वर्षांची. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मली आणि हृदयाला एक भोकही सोबत घेऊन आली. ते तान्हेपणीच शिवून झालं. शब्द तिच्या तोंडून उशिरा फुटले, पण जे फुटले ते हुकूमच. म्हणून घरात तिचं नाव फौजदार. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती मामाच्या दुकानात बसायची. मामा जुने सोफे नव्याने मढवून द्यायचा. फौजदारांचं पाऊल पडलं की मापाची टेप गायब. गिऱ्हाईक समोर असताना, "मामा, पोट आत," असा आदेश सुटायचा, आणि मामा निमूटपणे पोट आत घ्यायचा.

गेले काही आठवडे मात्र पोर कोपऱ्यातल्या फोमच्या ढिगावर बसून राही. सांगितलेलं ऐके. तिची आई, म्हणजे मामाची ताई, खूश होती. पोर शहाणी झाली, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली होती.

"शहाणी कसली? विझलीय ती," मामा म्हणाला.

ताई म्हणाली, "तुलाच छळाची सवय लागलीय. लग्न कर, कायमची सोय होईल."

पण मामा हट्टाला पेटला. मोठ्या दवाखान्यात नुकतीच हृदयाची तपासणी झाली होती आणि सगळं ठीक निघालं होतं. त्या आनंदात बाकीचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. शेवटी ताईने हात टेकले. जा बाबा, घाल एकदाची डॉक्टरांच्या कानावर तुझी तक्रार, म्हणाली.

मुलांच्या डॉक्टर बाई पोरीला जन्मापासून ओळखत होत्या. मामाने चाचरत सांगितलं. आपलं हसं होणार अशी त्याने मनाची तयारी करूनच ठेवली होती. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पोरीकडे वळवली आणि थेट तिलाच विचारलं, मामाला का छळत नाहीस गं?

पोरीने विचार केला. "दमले," ती म्हणाली.

मग बाईंनी मामाला एकेक विचारायला सुरुवात केली. थंडी वाजते का? पोट साफ होतं का? अंग कोरडं पडलंय का? तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. दुकानात तो घामाने निथळत असताना ही स्वेटर घालून उन्हाच्या पट्ट्यात बसायची. बाईंनी समजावलं, की गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते आणि डाऊन सिंड्रोमच्या मुलांमध्ये ती मंदावण्याचं प्रमाण बरंच असतं. म्हणून दरवर्षी रक्त तपासायचं. नाहीतर पोर मंदावते आणि लोकांना वाटतं, अशी मुलं अशीच असायची.

यंदाची रक्ताची तपासणी नेमकी राहून गेली होती. नर्सने सुई काढली तसा मामा भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र मन लावून वाचू लागला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. एरवी अशी आयती संधी फौजदारांनी सोडली नसती. आज तिने फक्त हात पुढे केला.

ग्रंथी खरोखरच मंदावली होती. एवढीशी गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी, आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. बस, एवढंच.

ताई म्हणाली, "मी तिला शाबासकी देत होते रे."

"मी म्हणालो नव्हतो?" हे ऐकवायची वेळ मामाला आयती चालून आली होती. त्याने ती घालवली. "मीही आधी खूशच होतो, ताई. टेप जागच्या जागी सापडत होती ना."

गोळीने काही जादू केली नाही. आधी स्वेटर उतरला. मग भूक परतली, मग सकाळची शाळेची कुरकुर. पुढचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तरी मामाचं समाधान होईना.

एका दुपारी एक आजोबा आपला मढवून झालेला सोफा न्यायला आले. बाहेर टेंपो उभा होता. सोफ्यावर पोर आडवी पसरलेली. आजोबांनी गोड बोलून पाहिलं, मामाने डोळे वटारून पाहिले. ती ढिम्म हलेना.

"सोफा माझा. मामाला न्या," ती म्हणाली.

आजोबांनी मामाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हा टेंपोत मावायचा नाही, म्हणाले. पोर खदखदून हसली. मामाने तिला उठवायला हवं होतं. त्याऐवजी त्याने आजोबांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला.