मलिद्याचा डबा

माझी बायको दीना गेल्यावर मी पहिल्यांदाच मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, खजूर. तिच्यासारखा झाला नाही. तरी स्टीलच्या डब्यात भरला आणि झाकण निघू नये म्हणून तिचाच निळा स्कार्फ वरून घट्ट बांधला.

मलिदा नजमासाठी होता. नजमा परकार मूळची म्हसळ्याची. इथे न्यू जर्सीत युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होती. ज्यूंचा द्वेष आणि मुसलमानांचा द्वेष कसा वाढतो, हा तिचा विषय. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हे कळल्यावर ती थेट घरी आली होती. "काका, तुम्ही रेवदंड्याचे? मग आपण शेजारीच की!" दीनाने तिला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं.

आता २००२च्या नोव्हेंबरात तिने युनिव्हर्सिटीत जाहीर चर्चा ठेवली होती. मीही बोलायचं होतं.

"अगं, मी घाणा चालवणाऱ्या तेल्याचा मुलगा. मी काय बोलणार?"

"तेच बोला. पुस्तकातलं सांगायला प्रोफेसर आहेत ना."

चर्चेच्या आधी तिला धमकीचे फोन आले. एकाने तिला अतिरेकी म्हटलं, दुसऱ्याने ज्यूंची विकत घेतलेली. ती मला म्हणाली, "बघा काका, मला गप्प करायचं यावर दोघांचं एकमत आहे." ती हसली. मला हसू आलं नाही. माझी झोप उडाली होती.

त्या दुपारी मी लवकर पोचलो. हॉल रिकामाच होता. डब्याची पिशवी स्टेजजवळच्या खुर्चीखाली ठेवली आणि शेजारच्या इमारतीत टॉयलेटला गेलो. घाबरलो की मला जावंच लागतं, आणि वेळही लागतो. परत येईपर्यंत दारावर पोलीस उभा. लोक बाहेर हिरवळीवर काढलेले. कोणीतरी म्हणालं, आत बेवारशी बॅग सापडली. धातूचा डबा आहे.

माझाच डबा.

पायऱ्यांवर दुसरा पोलीस नजमाशी बोलत होता. नजमा डोक्याला स्कार्फ बांधायची.

"डब्याला स्कार्फ बांधलाय. तो तुझा आहे?"

"नाही. माझा नाही."

"मग तुझ्या खुर्चीखाली कसा आला?"

म्हणजे ती खुर्ची तिची होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. गाडी समोरच उभी होती. मी काळासावळा म्हातारा, एकटा. मी पिशवी ठेवून बाहेर गेलो होतो. गेल्या वर्षभरात माझ्या रंगाच्या माणसांचं काय काय झालं, ते पेपरात वाचलं होतं. घरी जाऊन दार लावून घ्यावं असं फार वाटलं.

मग दीना आठवली. केमोने केस गेल्यावर ती हाच स्कार्फ बांधायची. विमानांचा हल्ला झाला त्या महिन्यात दुकानाबाहेर एक माणूस तिच्या अंगावर ओरडला, तुमच्या देशात चालते व्हा. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आम्ही त्यातले नाही, असंच सांगणार होतास ना? मग त्यातली एखादी असती, तर तिच्यावर ओरडलेलं चाललं असतं का?"

मी पायऱ्यांकडे गेलो. हात दिसतील असे पुढे धरले. "डबा माझा आहे. आत खायचं आहे. स्कार्फ माझ्या बायकोचा. ती वारली."

पोलीस माझ्याकडे वळला. त्यांनी मला खाली बसवलं, खिसे तपासले. आतून कोणीतरी डबा उघडून आणला. पोहे बघून त्याने नाक मुरडलं.

तेवढ्यात गर्दीतून मिस्टर कॅप्लन पुढे आले. सिनेगॉगमध्ये आम्ही एका रांगेत बसतो. भला माणूस. "ऑफिसर, हे आमच्यातले आहेत. ज्यू आहेत!"

पोलिसाचा चेहराच बदलला. "सॉरी, सर. तुम्ही जाऊ शकता."

"आणि ही?"

"तिला अजून थोडं विचारायचंय."

डबा माझा, चूक माझी, आणि सुटलो मीच. मघापेक्षा मला जास्त भीती वाटली. माझा रंग तोच होता, डबाही तोच. एका शब्दाने मी अलीकडे आलो आणि ती पलीकडे राहिली. उद्या दुसरा कुठला शब्द निघाला तर?

"जा काका," नजमा हळूच म्हणाली. "मी मॅनेज करते. ड्राइव्ह नीट करा."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

"सर, मी म्हटलं, तुम्ही जा."

"ही सुटली की जाईन."

तो तिला तेच तेच विचारत राहिला. घरी कोण असतं, पैसे कुठून येतात, मशिदीत कोणाला भेटतेस. ती उत्तरं देत होती, पण आवाज बारीक झाला होता. झाडांमागे सूर्य बुडाला. रमजान चालू होता. तिने पहाटेपासून पाणीही घेतलं नव्हतं.

"ऑफिसर, हिचा रोजा आहे. सूर्य बुडाला. दोन घास खाऊ द्या."

तो डब्याकडे बघत राहिला. मी आधी स्वतः मूठभर मलिदा तोंडात टाकला. गिळला आणि डबा तिच्यापुढे धरला.

तिने खजुराचा तुकडा शोधून काढला, दुआ पुटपुटली आणि तो खाल्ला. मग पोहे घेतले.

"काका, साखर कमी पडलीय."

"दीना असती तर पडली नसती," मी म्हणालो.

पोलिसाने वही पुन्हा उघडली. मी तिथेच बसून राहिलो.