वाक्याच्या मुळाशी

“ती लढाई तेवढी काढा,” पंपवाला म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला.

बाईंच्या मुलाने लॅपटॉपवरून मान वर केली. बाई जाऊन दोन दिवस झाले होते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना कळावं म्हणून तो इंग्रजीत चार ओळी लिहीत होता, आणि छपाईचं दुकान एक वाजता बंद व्हायचं होतं. घरात माणसांचा राबता, त्यात टाकीत पाणी चढेना, म्हणून शेजाऱ्यांनी पंपवाल्याला बोलावलं होतं. पंप सुरू करून तो हात पुसत आत आला, तर मुलाने कुणाला तरी ऐकवायचं म्हणून मजकूर त्यालाच वाचून दाखवला. दीर्घ आजाराशी झुंजता झुंजता आई अखेर लढाई हरली, असा त्याचा अर्थ होता.

“तुम्हाला इंग्रजी कळतं?”

“बाईंनीच शिकवलंय. नऊ वर्षं येतोय मी.”

पन्नाशी उलटल्यावर तो या घराची पायरी चढला होता. नवे पंप यायला लागले, त्यांच्यासोबत इंग्रजी पुस्तिका यायला लागल्या आणि हातातली विद्या मुकी झाली. बायको म्हणाली होती, “लोक या वयात नातवंडांना शाळेत सोडायला जातात, तुम्ही स्वतःच निघालात!” म्हणाली खरी, पण वहीला कव्हर तिनेच घालून दिलं.

बाईंच्या बाहेरच्या खोलीत सातआठ जण बसायचे. दोन नर्स, एक ड्रायव्हर, एक शिवणकाम करणारी. बाईंची रीत न्यारी. प्रत्येकाने आठवड्यात कानावर पडलेलं एक इंग्रजी वाक्य आणायचं. बाई ते फळ्याच्या वरच्या कडेला लिहायच्या आणि त्याच्या खाली खणायला लागायच्या. “हा इंग्रजी बोलणारा माणूस वेळेला काय समजतो? पैसा. म्हणून वेळ खर्चतो, वाचवतो, उधळतो, गुंतवतोसुद्धा. आणि वादाला काय समजतो? युद्ध. म्हणून समोरच्याच्या मुद्द्यावर हल्ला करतो, आपला मुद्दा राखतो, जिंकतो नाहीतर हरतो. त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं हो! वाक्यं पाठ करू नका, मूळ धरा. एक मूळ हाती आलं की पन्नास फांद्या आपसूक हलतात.”

पंपवाल्याला हे चटकन उमगलं. वर नळ दिसतो, पाणी खालूनच येतं.

एकदा कंपनीच्या परदेशी इंजिनियरला फोनवर त्याने इंग्रजीत ठणकावून सांगितलं होतं, तुमचा पंप हवा खातो. पलीकडच्याने तीनदा विचारलं, पंप काय खातो? वर्गात हे सांगितल्यावर नर्स हसून हसून वाकल्या. बाई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्या टाळी वाजवत म्हणाल्या, “अगं, आपण काय खात नाही? मार खातो, शिव्या खातो, शपथ खातो, भाव खातो, एकमेकांचं डोकं खातो! पंपवाले, पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भाषेची मुळं खणतेय मी. आपल्या भाषेचं मूळ आज तुम्ही दाखवलंत.” त्या दिवशी तो हत्यारांची पिशवी तिथेच विसरून घरी गेला होता.

“काका, बोलायची पद्धत असते ती,” मुलगा थकून म्हणाला. “सगळे असंच लिहितात.”

“बाई म्हणायच्या, सगळे लिहितात तिथेच खणा.”

मुलाने लॅपटॉप थोडा लोटला. “मी रोज फोनवर तिला हेच सांगायचो. लढ आई, लढ. चुकलं का माझं?”

पंपवाल्याने दाराकडे पाहिलं. आपण कोण? पंपासाठी आलेला माणूस. पाणी चढलं, काम झालं, निघावं. पण हा कागद शेकडो जण वाचणार होते, आणि त्यावर बाई हरलेल्या असणार होत्या. तो न विचारताच खुर्चीवर टेकला.

“गेल्या महिन्यात एका नर्सने वाक्य आणलं होतं. ती आजाराशी लढते आहे. आम्ही माना खाली घातल्या. बाईंनी मात्र ते फळ्यावर लिहिलं. म्हणाल्या, इंग्रजीत आजार म्हणजे युद्ध. मग सांगा, लढतंय कोण, कुणाशी? दोन्हीकडची फौज माझ्याच शरीराची की! आणि जो जातो तो हरला म्हणायचं, तर आजवर जिंकलंय कोण?”

“माझ्याबद्दल काही बोलली?”

“ड्रायव्हरने विचारलं, मुलाला सांगितलंत का हे? तर म्हणाल्या, छे. तो एवढा लांब. लांबच्या माणसाने माझा हात धरून बसायचं कसं? तो लढ म्हणतो, मी त्यातलं प्रेम तेवढं घेते.”

मुलाने चष्मा काढला. बराच वेळ तो काचा पुसत राहिला. आतून कुणीतरी बादली भरल्याचा आवाज आला.

“मग काय लिहू?” शेवटी त्याने विचारलं. “शेवटचा वर्ग कधी झाला?”

“गुरुवारी. आवाज निघत नव्हता. आम्ही खुर्च्या ओढून जवळ बसलो. फळा त्यांनी मला लिहायला लावला.”

मुलगा लिहू लागला. एक ओळ खोडली, दुसरी लिहिली. मग लॅपटॉप पंपवाल्याकडे वळवून म्हणाला, “जरा तपासून देता?”

पंप तपासायला त्याला सारं गाव बोलवायचं. इंग्रजी तपासायला आजवर कुणीच बोलावलं नव्हतं. त्याने पुसलेले हात पुन्हा एकदा पुसले, खिशातून चष्मा काढला, आणि पडद्याला डाग लागू नये म्हणून बोट तसूभर दूर धरून एकेक शब्द वाचत गेला: बाईंनी एकेचाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शेवटचा वर्ग त्यांनी गुरुवारी घेतला.

तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. मुलगा थांबून राहिला.

“बरोबर आहे,” पंपवाला म्हणाला.