पोकळीतली रांग

लुक येन गावच्या रत्नखड्यांच्या बाजारात थोम दिसली की दलाल एकमेकांना डोळे मिचकावायचे. पन्नाशीची ही ताय जमातीची बाई. माणकासारखे लाल स्पिनेल शोधायची, पण पैलू पाडायला एकही द्यायची नाही. डोंगरातून निघाला तसाच, टोकदार, अखंड खडा तिला हवा असे. नवरा गेल्यापासून धाकटा दीर किएन कुरकुरत का होईना, तिच्याबरोबर डोंगर चढायचा.

त्या दिवशी चार तास चढून दोघं संगमरवराच्या कड्याखाली पोचली. केळीच्या पानातला चिकट भात खाता खाता किएनने सहज हातोडी आपटली. आवाज पोकळ आला. पोकळीच्या तोंडावर साचलेला चुन्याचा थर हातभर जाड होता. तो फोडेस्तोवर दुपार झाली. थोम सरपटत आत शिरली, कपाळावरचा दिवा लावला आणि तिथंच थबकली.

"काय आहे, वहिनी? नागबिग नाही ना?"

"आत ये. हात लावू नकोस कशाला."

ओल्या तांबड्या मातीवर स्पिनेल उभे होते. एका रांगेत, टोकं वर करून, लहानापासून मोठ्यापर्यंत. पुसून ठेवल्यासारखे लख्ख.

"कुणीतरी आधी येऊन गेलंय," थोम पुटपुटली.

"कुठून? तोंड तर आत्ता आपणच फोडलं ना!"

किएनने भिंती चाचपल्या. दुसरी वाट नव्हती. मातीत पाऊलही उमटलेलं नव्हतं.

"चला वहिनी. ज्याचं आहे त्याचं राहू दे."

थोमलाही ते कळत होतं. पण मधला एक, अंगठ्याएवढा, इतका निर्दोष होता की तिचा हात गेलाच.

घरी तिने तो धुऊन कापडावर ठेवला. सकाळी पाहते तर त्याला ओली तांबडी माती. पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती. तिसऱ्या सकाळी त्या मातीत बोटांचे ठसे होते, बारीक, लांबट. घरात ती एकटीच राहायची. तिने आपली बोटं ठशांवर टेकवून पाहिली. बसली नाहीत. खडा परत नेऊन ठेवायचं तिने ठरवलं.

"मी नाही येणार तिथं," किएन म्हणाला. मग दोर खांद्यावर टाकून तोच पुढे निघाला. "तुम्हाला एकटं सोडलं तर दादा स्वप्नात येऊन बदडेल मला."

पोकळीत थोमने खड्याची जागा शोधली. जागाच नव्हती. रांग पुन्हा जुळली होती. मातीत सरकल्याची खूणही नव्हती.

"ठेवा कुठंही आणि निघा!"

तिने खडा शेवटी, सगळ्यांत मोठ्याच्या पलीकडे ठेवला. "चुकलं माझं," म्हणाली आणि उलटी सरपटत बाहेर आली. दोघांनी दगड रचून तोंड बुजवायला घेतलं. शेवटचा दगड उरला तेव्हा आतून आवाज आला. मातीवरून काहीतरी घासत गेल्यासारखा. थांबला. पुन्हा आला. कुणीतरी एकेक खडा सावकाश बाजूला सारून मधे जागा करत होतं.

किएन दगड हातात धरून गोठल्यासारखा उभा.

"बसव," थोम म्हणाली.

त्याने तो ठोकून बसवला. किएनने डोंगर सोडला; तो आता मोटारसायकली दुरुस्त करतो. थोम अजून बाजारात जाते, खडे उजेडात धरून बघते आणि होते तिथं परत ठेवते. घरी मात्र एकही नेत नाही.