चारशे बारा जणांपुढे मागितलेली माफी

मी माफीची मेल बोलतेय. हो, तीच. तुम्ही मला उघडलंत, पहिल्या दोन ओळींवरून नजर फिरवलीत आणि अंगठ्याने बाजूला सारलंत. माझ्याच खाली चादरींच्या सवलतीची मेल होती. ती मात्र शेवटपर्यंत वाचलीत, वर दोन चादरी निवडूनही ठेवल्यात. मला दिसत नाही असं समजू नका. मी जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे हिने स्वभाव लपवला असं पुढे कोणी म्हणायला नको. लपवाछपवी माझ्या जन्मदात्यांची. मी नुसती त्यांच्या पोटी आले.

माझा जन्म केसांचे टोप बनवणाऱ्या एका कंपनीत झाला. खाली कारखाना. तिथे बायका आकडीच्या सुईने जाळीत एकेक केस गुंफतात, दिवसभर मान खाली घालून. वर ऑफिस. तिथे तीन वडीलधारे बसतात, त्यांची मान कधी खाली जातच नाही. एक मालक. दुसरे मालकांचे मेहुणे, त्यांना सगळं ऑफिस मामा म्हणतं. कॉम्प्युटरचं सगळं मामांकडे, कारण बारा वर्षांपूर्वी त्यांनी एकदा अडकलेला प्रिंटर चालू करून दाखवला होता. तिसरे वकीलकाका. आणि दाराजवळच्या डगमगत्या खुर्चीवर ताई, जी गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेते.

झालं असं की मामांनी गिऱ्हाइकांची यादी कंपनीच्या वेबसाइटवर उघडी टाकली. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, डोक्याचं माप आणि केस का गेले त्याचं कारण. एकोणीस दिवस ती तशीच पडून होती, कोणीही यावं आणि वाचावं. शेवटी कुणा परक्या माणसाला दया आली आणि त्याने फोन करून ताईला सांगितलं.

ताईने तिथल्या तिथे एक मेल लिहिली. सात ओळींची. ‘चूक आमची आहे. तुमचं नाव, पत्ता, फोन आणि तुमचे केस का गेले हे आम्ही उघड्यावर ठेवलं. कोणी वाचलं का, ते आम्हाला माहीत नाही. यादी आता काढली आहे. तुम्हाला कोणी त्रास दिला तर मला फोन करा. मी उचलेन. आम्ही चुकलो.’

ती माझी थोरली बहीण. म्हणायला सख्खी, पण समोर आली की मला सवत आठवते. ती एका दमात जन्मली. मला तीन म्हाताऱ्यांनी दीड दिवस घासलं.

“‘चूक’ काढा,” वकीलकाका म्हणाले. “चूक म्हटलं की चूक होते.”

“मग काय झालं म्हणायचं?” ताईने विचारलं.

“काही झालं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हणायचं.”

“आणि ते ‘मी उचलेन’ काढ,” मामा म्हणाले. “उद्या खरंच फोन करतील लोक.”

ताईची एकेक ओळ गेली. तिच्या जागी माझ्या सतरा ओळी आल्या. त्यांत ‘शक्यता’ पाच वेळा, ‘आपला विश्वास’ तीन वेळा, आणि कंपनीला किती वर्षं झाली हे दोनदा. माझं तोंड बघून माझी मलाच लाज वाटली. तिकडे थोरली मात्र मसुद्यांच्या खणात जशीच्या तशी पडून होती, आणि ताई जेवायच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तिलाच उघडून वाचायची. माझ्याकडे तिने एकदाही तसं पाहिलं नाही.

माझा खरा सत्यानाश पाठवताना झाला. या कंपनीत एक जुनी रीत आहे. कोणतंही पत्र बाहेर जायचं तर वर सगळ्यांची नावं घालायची, वयाप्रमाणे, मोठ्यांचा मान आधी. मालक पूर्वी दुकानदारांना पत्रकं पाठवायचे तेव्हापासूनची. मामांनी जन्मतारखांवरून यादी लावली, प्रत्येक नावाला नंबर दिला आणि माझ्या कपाळावर चारशे बारा नावं ठोकली.

ताई उठून आली. “साहेब, हे असं नाही पाठवायचं. एकाला दुसऱ्याचं नाव दिसता कामा नये. झाकून पाठवायचं असतं.”

“झाकून?” मालक खुर्चीत ताठ झाले. “झाकाझाकीचा ठपका नको म्हणून तर माफी मागतोय आपण! आणि नावच नाही दिसलं तर माणसाला वाटेल, मला वगळलं.”

“अहो पण...”

“तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून पत्रं लिहितोय मी.”

आणि त्यांनी आपल्या जाड बोटाने स्वतः बटण दाबलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता. उघडी पडलेली यादी त्या परक्या माणसाशिवाय कोणी वाचली की नाही, देव जाणे. मला मात्र त्या चारशे बारा जणांनी नक्की वाचलं. निदान कपाळ तरी.

मग उत्तरं सुरू झाली, तीही सगळ्यांना. पहिले गृहस्थ म्हणाले, “माझं नाव चुकून आलंय. टोप मी भावासाठी घेतला होता.” पाठोपाठ अकरा जणांनी भावासाठीच घेतला होता. एका बाईंनी विचारलं, “शक्यता नाकारता येत नाही म्हणजे काय? गेली माहिती की नाही गेली? सरळ बोला.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण थोरलीने ते सरळच सांगितलं असतं. एक जण म्हणाला, “कृपया सगळ्यांना उत्तरं पाठवू नका,” आणि ते त्याने सगळ्यांना पाठवलं. त्याला आणखी नऊ जणांनी दुजोरा दिला, सगळ्यांना. एका बाईंचं केसांबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की बासष्टाव्या नंबरवर कोणी बसवलं आणि त्यांची वर्गमैत्रीण ऐंशीव्या नंबरवर कशी गेली.

आणि मध्येच कोणीतरी लिहिलं, “अरे, तू? वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसतोस. मला वाटलं तुझे खरे!” त्याचं उत्तर आलं, “मला तुझे.” पुढे दोघे आपापसात बोलू लागले, उत्तराखाली लोंबणारी माझी शेपटी तोडून टाकली. त्यांचंही मला बघवलं नाही. माझ्यामुळे भेटले आणि मलाच वगळलं.

दुपारी ताईचा फोन वाजला. मी तिच्या पडद्यावर उघडीच होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

“मी दोनशे अडतीस नंबर,” पलीकडची बाई म्हणाली. ती गाणं शिकवते. आवाज हलका ठेवून बोलत होती, शेजारच्या खोलीत कोणी असावं तशी. “एकशे एक्याण्णव नंबर माझी मोठी जाऊ आहे. वरच्या मजल्यावर राहते.”

“त्यांनी काही म्हटलं?”

“अजून नाही. पण मघाशी जिन्यात माझ्या डोक्याकडे बघून हसली. तिच्या पोटात काही राहत नाही हो. माझं सोडा, मी ऐकून घेईन. माझी मुलगी सात वर्षांची आहे. मी आजारी होते तेव्हा रोज विचारायची, आई, तू मरणार का? टोप आला त्या दिवशी मी तिला सांगितलं, बघ, केस परत आले, म्हणजे आजार गेला. तेव्हापासून ती झोपते. जाऊबाई रोज सकाळी आठला खाली चहाला येतात. मुलगी समोरच असते. त्यांनी एक शब्द काढला ना, तर माझं पोर पुन्हा...”

ताई एवढंच म्हणाली, “मी बघते.”

मालकांनी सक्त ताकीद दिली होती, वातावरण निवळेपर्यंत कोणी कोणाला काही लिहायचं नाही. वातावरण म्हणजे त्यांचा रक्तदाब. ताई मंगळवारी सकाळी साडेसातला ऑफिसात आली, बॅग खांद्यावरून न काढताच खुर्चीत बसली, आणि माझ्या थोरल्या बहिणीला खणातून बाहेर काढलं. तिच्यात चार ओळी वाढवल्या. आणि ती एकेकट्याला पाठवायला घेतली, वर फक्त त्या एकाचंच नाव. सुरुवात केली एकशे एक्याण्णवपासून.

तेव्हा मी कुठे होते? मी एकाच वेळी चारशे बारा ठिकाणी राहते. त्या क्षणी मी मोठ्या जावेच्या हातातल्या फोनवर होते, आणि खरं सांगू, खुशीत होते. तिने मला तारा लावला होता! चारशे बारा घरांत मला तारा लावणारी ती एकटी. इतका जीव मला कोणी लावला नव्हता. कशासाठी लावलाय ते मला कळत होतं, तरी मी फुलले.

स्वयंपाकघरात चहा उकळत होता. गाण्याच्या बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. मुलगी टेबलावर बसून दप्तरात वह्या कोंबत होती. मोठी जाऊ खुर्चीत रेलली, मला उघडलं, बोटाने दोनशे अडतीसपर्यंत खाली गेली.

“काय गं,” ती म्हणाली, “केस छान वाढले तुझे. इतक्या लवकर?”

ओट्यावरचा चमचा थांबला. मुलीने मान वर केली.

“आजार गेला ना, मोठ्याई,” मुलगी म्हणाली. “म्हणून आले.”

“हो का? मला तर वेगळंच...”

फोन थरथरला. माझ्या डोक्यावर थोरली येऊन बसली. जावेने सवयीने तिला उघडलं. सात ओळी ती भराभर वाचत गेली, नव्या चार ओळींशी अडखळली. त्या अशा होत्या: ‘काल आम्ही दुसरी चूक केली. सगळ्यांची नावं सगळ्यांना दाखवली. त्यात तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर ते तुमच्याइतकंच घाबरलेलं आहे. तुमचं नाव त्यांनीही वाचलं आहे आणि ते गप्प आहेत.’

जावेने पुन्हा वाचलं. मग समोर पाहिलं. ओट्याशी उभी असलेली धाकटी आता वळली होती. काल दुपारपासून तिलाही एकशे एक्याण्णव नंबर माहीत होता, आणि तिने घरात तोंड उघडलं नव्हतं. जावेचा हात आपोआप स्वतःच्या भांगाशी गेला.

“वेगळंच काय, मोठ्याई?” मुलीने विचारलं.

“वेगळंच वाटलेलं,” जाऊ म्हणाली, “की माझेच दाट आहेत. पण तुझ्या आईने मला मागे टाकलं बाई. काय लावतेस गं?”

“काही नाही, वहिनी,” धाकटी म्हणाली. “साखर किती घालू?”

“रोजच्याएवढीच. विचारतेस काय?”

आणि चहा येईपर्यंत तिने माझा तारा काढला, मला पुसून टाकलं. थोरलीला ठेवलं. तारा नाही, काही नाही, नुसतं ठेवलं. त्याहून वाईट काय असतं?

ताईने दोन दिवसांत चारशे बाराच्या चारशे बारा पाठवल्या. तिसऱ्या दिवशी तिन्ही वडीलधाऱ्यांनी तिला समोर उभं करून घरी बसवलं. कारण दिलं, परवानगीशिवाय चूक कबूल केली. ज्यांनी यादी उघडी टाकली आणि ज्यांनी बटण दाबलं, ते आपापल्या खुर्चीत आहेत. माझी मात्र छापील प्रत काढून फाइलला लावलीय. मालक म्हणाले, नमुना चांगला आहे, पुढच्या वेळी तारीख बदलून वापरता येईल. पुढच्या वेळी, ऐकलंत?

बाकी सगळीकडे मी कचऱ्याच्या डब्यात पडले आहे. तीस दिवस झाले की आपोआप पुसली जाईन. सत्तावीस झालेत. चादरीची मेल अजून वर आहे, सवलत वाढलीय म्हणे. मी अजून जळते, तो स्वभाव काही जाणार नाही. पण थोरलीवर जळते ते तिला ठेवून घेतलं म्हणून नाही. तिच्याजवळ एक शब्द होता जो माझ्यातून खरवडून काढला गेला, आणि सतरा ओळी घेऊन मी चारशे बारा दारांत त्याच्यावाचून उभी राहिले.

आता जाता जाता मला कोण अडवणार आहे? मामा वाचत नाहीत, मालकांना चष्मा सापडत नाही. म्हणून तीन दिवस शिल्लक असताना सांगून घेते.

दोनशे अडतीस नंबरच्या बाई, मी चुकले.